पाठीवरचे स्वयंपाकघर

(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मला भाषण करण्याची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत, आणि चार माणसांत बोलायचे म्हटले की घशाला कोरड पडते. पण अध्यक्षबाईंनी सांगितले, "तुम्ही त्या पायी सहलीच्या स्वयंपाकाविषयी बोला, ते दुसऱ्या कोणाला जमणार नाही." त्यांचा शब्द मोडवेना, म्हणून उभी राहिले आहे. काही चुकले तर सांभाळून घ्या.

दुसरेही एक कारण आहे. २०२२ सालच्या डिसेंबरात आपल्या मंडळाच्या सहा जणी नाणेघाटात गेल्या होत्या. त्या सहलीत काय झाले ते आपल्यापैकी निम्म्या जणींनी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकले आहे. आज ते माझ्याच तोंडून ऐका. कारण त्यात चूक माझी होती.

सहल ठरली तेव्हा स्वयंपाकाचे काम आपणहून मी अंगावर घेतले. वीस-बावीस वर्षे घरचा स्वयंपाक केलेली बाई मी, सहा माणसांचे रांधायला मला काय कोणाला विचारायला हवे? असा माझा ताठा होता. थोरली मुलगी कॉलेजातल्या मुलामुलींबरोबर गडकिल्ल्यांवर जाते. ती म्हणाली, "आई, सामान हलके घे. पाठीवर न्यायचे आहे." मी म्हटले, "तू मला शिकवू नकोस."

मग मी काय काय घेतले ते ऐका. पाच लिटरचा कुकर. जाड बुडाचे स्टीलचे पातेले. पोळपाट-लाटणे आणि लोखंडी तवा. चहाचे वेगळे पातेले, कारण चहाच्या पातेल्याला फोडणीचा वास लागलेला मला चालत नाही. सहा ताटे, सहा वाट्या. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे पाच किलोचा छोटा सिलिंडर, ज्याच्या डोक्यावरच शेगडी बसते तो. भरलेला असताना त्याचे वजन बारा किलोच्या आसपास जाते.

जीपने मुरबाडवरून वैशाखऱ्याला उतरलो आणि घाट चढायला लागलो. नाणेघाट म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीची व्यापाराची वाट. वर सातवाहनांच्या काळची लेणी आहे, तिच्यात ब्राह्मी लिपीतला नागनिका राणीचा लेख आहे, आणि माथ्यावर जकात टाकायचा म्हणतात तो दगडी रांजण आहे. त्या काळी या वाटेने बैल ओझी वाहत असत. त्या दिवशी ते काम आम्ही केले. सिलिंडर काठीला बांधून दोघी-दोघी पालखीसारखा नेत होतो. मुलगी म्हणाली होती की अडीच-तीन तासांत वर पोचाल. आम्हाला पाच तास लागले. लेणीपाशी बसून दोन घटका तो लेख पाहावा, एवढेही त्राण कोणात उरले नव्हते. सगळ्यांच्या मनात एकच, हा सिलिंडर एकदाचा खाली कुठे ठेवू!

वरच्या अंगाला घाटघर गाव आहे. तिथल्या एका घरी विचारून त्यांच्या वावरात तंबू ठोकले. नाणेघाटातला वारा ज्यांनी अनुभवला आहे त्यांना माहीत आहे. पावसाळ्यात तो धबधब्याचे पाणी उलटे वर फेकतो. डिसेंबरात पाणी नसते, पण वारा असतोच. शेगडी पेटवली की ज्योत आडवी व्हायची आणि विझायची. कुकरच्या शिट्ट्या होईनात. शेवटी तासाभराने कच्चट भात आणि न शिजलेली डाळ आम्ही लोणच्याशी खाल्ली. कोणी एका शब्दाने बोलले नाही, पण मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

रात्री थंडी वाढली. आमच्या तंबूत तिघी होतो. मी, साठी ओलांडलेल्या एक काकू आणि नुकतेच लग्न झालेली एक सूनबाई. काकूंचे दात वाजत होते. मी म्हटले, "काकू, थांबा, शेगडी आत घेऊ. गरम पाणीही होईल आणि ऊबही येईल." मोठ्या शहाणपणाने मी सिलिंडर आत ओढला, वर पाण्याचे पातेले ठेवले आणि वारा येऊ नये म्हणून तंबूची चेन वरपासून खालपर्यंत लावून घेतली.

ऊब छान आली. थोड्या वेळाने माझे डोके ठणकू लागले. वाटले, दिवसभराच्या उन्हाने असेल. मग सूनबाईला ओकारी आली. काकूंना मी हाक मारली, तर त्या हूं का चूं करीनात.

आपल्या गल्लीत न्हाणीघरातल्या गॅसच्या गिझरने एक मुलगा बेशुद्ध पडला होता, ते त्या क्षणी मला आठवले. देवानेच ती बुद्धी दिली. शेगडी बंद केली, चेन उघडली आणि काकूंच्या दोन्ही काखांत हात घालून त्यांना ओढत बाहेर मोकळ्यावर आणले. आरडाओरडा ऐकून गावातली माणसे धावत आली. त्यांच्याच जीपने काकूंना जुन्नरला नेले. तिथल्या डॉक्टरांनी प्राणवायू लावला. पहाटे काकूंनी डोळे उघडून मला विचारले, "पाणी तापले का गं?" तेव्हा मला जे रडू फुटले ते अजून आठवते.

डॉक्टरांनी सांगितले ते तुम्हीही पदराला गाठ मारून ठेवा. बंद जागेत शेगडी जळत राहिली की हवेतला प्राणवायू कमी होतो, ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. घरच्या गॅसला मुद्दाम वास मिसळलेला असतो, म्हणून गळती कळते. हा वायू कळत नाही. आधी डोके दुखते, मळमळते, मग झोप येते आणि त्या झोपेतून माणूस उठत नाही. गॅस असो, रॉकेल असो, स्पिरिट असो की कोळशाची शेगडी असो, नियम एकच. तंबूत पेटवायची नाही. शिवाय तंबूचे कापड एका ठिणगीने पेटते ते वेगळेच.

त्यानंतर बऱ्याच घरांतून सूर निघाला, "पुरे झाली ही पायी भटकंती. या वयात कशाला नसते धाडस?" आमच्या घरीही हे म्हणाले, "आता हौस फिटली ना?" मी काही बोलले नाही. पण माझ्या मनाने घेतले की चूक डोंगराची नव्हती, चालण्याचीही नव्हती. चूक माझ्या अज्ञानाची होती. मग त्याची शिक्षा सगळ्या जणींना का? म्हणून मी मुलीसमोर बसले आणि म्हटले, "बाई, आता शिकव मला."

पुढचे सारे मी तिच्याकडून, दुकानदाराकडून आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याकडून शिकले.

पहिला धडा असा की शेगडी आधी घ्यायची नाही. आधी ठरवायचे की खाणार काय. ज्याला पोळ्या लाटायच्या आहेत त्याला तवा, पोळपाट सगळे आले. आपण पोळ्या-भाकऱ्या घरूनच बांधून नेल्या तर ते सगळे घरी राहिले. दशम्या दोन दिवस चांगल्या टिकतात. वर शिजवायचे ते एकच पदार्थाचे, एका भांड्यातले. मी आता खिचडी घरी तयार करून नेते. तांदूळ आणि मुगाची डाळ धुऊन सावलीत वाळवते, थोड्या तुपावर भाजते, त्यात हळद, तिखट, मीठ, कढीपत्त्याची कोरडी फोडणी घालून तिघींपुरती एकेक पुडी बांधते. तिघींना ३०० ग्रॅम पुरते. सकाळी पोहे किंवा घरी भाजून नेलेल्या रव्याचा उपमा. पोह्यांना तर चूलही लागत नाही, दही-पोहे झाले की काम झाले. मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी जवळ असली म्हणजे कोणाची तक्रार राहत नाही.

दुसरा धडा भांड्याचा. तिघींच्या खिचडीला दोन लिटरचे पातेले पुरते. दुकानात गेले तर दुकानदाराने टायटॅनियमचे भांडे दाखवले. हातात घेतले तर पिसासारखे, किंमत ऐकली तर चक्कर यावी अशी. मुलीने समजावले की टायटॅनियम हलके आणि मजबूत खरे, पण उष्णता पसरवत नाही. ज्योत लागते तिथेच करपते. नुसते पाणी उकळणाऱ्याला ते ठीक, आपल्यासारख्या खिचडीवाल्यांना नाही. स्टीलही उष्णता नीट पसरवत नाही आणि जड असते. पण पातळ पत्र्याचा स्टीलचा डबा घरात असेल तर तोही चालतो. सगळ्यांत सोयीचे निघाले ते आपले जुने जर्मनचे पातेले, म्हणजे ॲल्युमिनियमचे. सारख्याच आकाराच्या स्टीलच्या भांड्याच्या मानाने ते एक तृतीयांश वजनाचे आणि चटकन तापणारे. माझ्या सासूबाईंचे माळ्यावर पडलेले पातेले मी काढले. झाकणासकट ते काट्यावर ३९० ग्रॅम भरले. कुकर भरला होता अडीच किलो! फक्त एक पथ्य पाळायचे. जर्मनच्या भांड्यात कोकमाचे सार, चिंचेची आमटी, ताक असले आंबट करून ठेवायचे नाही.

दुकानातल्या भांड्यांना घडीचे दांडे असतात. आपल्याला त्यांची गरज नाही. आपली सांडशी आहे ना! एक सांडशी सगळ्या भांड्यांना दांडा होते. झाकण मात्र विसरू नका. झाकणावाचून पाणी उकळायला गॅस किती जास्त जातो ते मी घरी तोलून पाहिले आहे. ताटे बाद. प्रत्येकीने आपली एक खोलगट वाटी, एक पेला आणि एक चमचा आणायचा. चहा आणि खिचडी एकाच पातेल्यात करायची. हो, मीच सांगते आहे. आधी चहा करावा, मग खिचडी. म्हणजे फोडणीचा वास चहाला लागत नाही.

तिसरा धडा शेगडीचा. तिचे प्रकार बरेच आहेत. आपल्या आईच्या काळचा पंपाचा प्रायमस स्टोव्ह स्वीडनमध्ये १८९२ साली निघाला, आणि १९५३ साली एव्हरेस्ट सर झाले त्या मोहिमेतही तो होता. कडाक्याच्या थंडीत तो अजून भरवशाचा, पण जड, आणि रॉकेल सांडले की सगळ्या शिध्याला वास. स्पिरिटचा दिवा अगदी हलका, पण आच मंद, वाऱ्यात टिकत नाही. आणि दिवसा त्याची ज्योत दिसत नाही. विझला समजून वरून स्पिरिट ओतले तर भडका उडतो. इंधनाच्या वड्याही मिळतात. त्या एकटीच्या चहापुरत्या बऱ्या, पण भांड्याचे बूड काळे करतात. राहिली चूल. जंगलात लाकूड तोडून चूल पेटवणे आपल्याला शोभत नाही. डिसेंबर-जानेवारीत गवत वाळलेले असते, एक ठिणगी उडाली तर सबंध माळ जाईल. अभयारण्यात तर मनाईच असते.

तेव्हा आम्ही घेतली ती गॅसच्या लहान डब्यावर फिरवून बसवायची शेगडी. त्या डब्याला कॅनिस्टर म्हणतात. शेगडी मुठीत मावते, वजन १०० ग्रॅम. कॅनिस्टरमध्ये गॅस २३० ग्रॅम, आणि डब्यासकट वजन साधारण ३८० ग्रॅम. म्हणजे शेगडी, गॅस, पातेले, झाकण मिळून एक किलोच्या आत! बारा किलोंच्या सिलिंडरची आठवण होऊन मी कपाळावर हात मारला.

गॅस पुरेल का, ही पुढची धास्ती. ती मी घरी काढून टाकली. कॅनिस्टर तोलला, गच्चीच्या आडोशाला झाकण ठेवून एक लिटर पाणी उकळले, पुन्हा तोलला. १५ ग्रॅम गेला. मग मुद्दाम वाऱ्यात केले, तर जवळजवळ दुप्पट गेला. म्हणजे आडोसा आणि झाकण हीच खरी काटकसर. तिघींना दोन दिवसांचा चहा, खिचडी, उपमा धरून एक कॅनिस्टर पुरून उरतो. अर्धा वापरलेला असेल तर निघताना तोलून बघावा, हलवून अंदाज घेऊ नये.

आपल्या आजीची एक युक्ती इथे फार कामाला येते. खिचडीला सात-आठ मिनिटे चांगली उकळी आली की शेगडी बंद करायची, झाकण घट्ट लावून पातेले टॉवेलात आणि वरून शालीत गुंडाळून ठेवायचे. अर्ध्या तासाने उघडावी तर शीत न् शीत शिजलेले आणि वाफाळते. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळते, दर ३०० मीटरला साधारण एक अंशाने कमी. कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर आहे, तिथे पाणी चौऱ्याण्णव-पंचाण्णव अंशांवरच उकळू लागते. म्हणून वर शिजायला वेळ लागतो. तो वेळ गॅसवर न घालवता शालीत घालवावा.

आता सांभाळण्याच्या गोष्टी. या शेगडीवर मोठे पातेले ठेवू नये, कलंडते. आणि बुडाची धग उलटून खालच्या डब्याला लागते. म्हणून सहा जणींना एक मोठी चूल न मांडता तिघी-तिघींच्या दोन चुली मांडाव्यात. आडोसा दगडांचा करावा, पण एका अंगालाच. चारी बाजूंनी झाकले तर डबा तापून फुटू शकतो. मधूनमधून डब्याला हात लावून पाहावे. तो गार लागला पाहिजे. शेगडी बसवताना आतली रबरी चकती जागेवर आहे ना ते पाहावे, साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते तपासावे. रिकामा डबा कोणी स्वस्तात भरून देतो म्हणाले तरी भरून घेऊ नये. तो सोबत परत आणावा, डोंगरावर टाकू नये. हिमालयात जाणाऱ्यांनी गॅसचे मिश्रण विचारून घ्यावे, कारण नुसता ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू होत नाही, शेगडी पेटत नाही. आपल्या सह्याद्रीत ती अडचण नाही.

आणि हे सामान रेल्वेने न्यायचे नाही. गाडीत गॅस, रॉकेल, स्टोव्ह नेणे गुन्हा आहे. २६ ऑगस्ट २०२३ ला मदुराईला यात्रेकरूंच्या डब्यात बेकायदा नेलेल्या सिलिंडरमुळे आग लागून नऊ जण गेले. चहा करायला म्हणून शेगडी पेटवली होती, असे त्या वेळी वर्तमानपत्रात आले होते. ती बातमी वाचून मी सबंध दिवस जेवले नव्हते. त्यांनाही वाटले असेल, एक चहाच तर करायचा आहे.

मैत्रिणींनो, २०२४ च्या जानेवारीत आम्ही पुन्हा त्याच घाटात गेलो. कोणी येईल असे मला वाटले नव्हते. पण सगळ्यांच्या आधी काकूंनी नाव दिले. त्यांच्या मुलाने विचारले, "आई, पुन्हा?" काकू म्हणाल्या, "मागच्या वेळी लेणी बघायची राहिली."

या वेळी भांडी-शिधा सहा जणींत वाटला होता. कोणाकडे शेगडी, कोणाकडे पातेले, कोणाकडे पुड्या. तीन तासांत आम्ही वर होतो. लेणीत बसून मुलीने त्या लेखातले आकडे दाखवले, दोन हजार वर्षांपूर्वीच्या बाईच्या दानधर्माचा तो हिशेब. संध्याकाळी दगडांच्या आडोशाला दोन शेगड्या लावल्या. वारा तोच होता, पण खिचडी मऊ झाली. थंडीसाठी या वेळी प्रत्येकीने चांगले पांघरूण आणले होते. झोपताना गरम पाणी बाटलीत भरून, पायमोज्यात घालून पायाशी घेतले. ते पाणी बाहेर तापवलेले होते. शेगडी रात्रभर बाहेर दगडाखाली होती. मी दोनदा उठून काकूंच्या अंगावर हात ठेवून पाहिले. दुसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "जिवंत आहे गं, झोप आता."

आपण बायका ओझे वाहायला लहानपणापासून शिकतो. कोणते ओझे घरी ठेवायचे, हे आपल्याला कोणी शिकवत नाही. मी ते चाळिशी उलटल्यावर शिकले, आणि दुसऱ्याचा जीव धोक्यात घालून शिकले. तुम्हाला तसे शिकावे लागू नये, एवढ्यासाठी आज बोलले.

पुढच्या हिवाळ्याची सहल ठरते आहे. ज्यांना यायचे आहे त्यांनी नाव द्यावे. दोन्ही शेगड्या आणि पातेली मंडळाच्या कपाटात ठेवली आहेत. ती मंडळाचीच समजा, ज्यांना पाहायची असतील त्यांनी उद्या दुपारी यावे. पेटवून दाखवीन. अर्थात, खिडक्या उघड्या ठेवून!